मदत हवी आहे: विद्यापीठाच्या विम्यात लग्नाविना जोडीदाराचं नाव (मिशिगन)

मंडळी, नमस्कार.

मी मिशिगनमधल्या एका सरकारी विद्यापीठात नोकरीला आहे. माझ्या जोडीदाराची नोकरी ऑगस्टमध्ये गेली आणि या महिनाअखेर तिचा आरोग्यविमाही संपतोय. आम्ही दोघी बरीच वर्षं एकत्र राहतो, लग्न केलेलं नाही. दोघींकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे व्हिसाची भानगड नाही. तिला दमा आहे. रोजचा पंप विम्याशिवाय परवडत नाही, आणि कोब्रा (नोकरी गेल्यावर जुन्या कंपनीचाच विमा काही काळ स्वखर्चाने चालू ठेवायची सोय) घ्यायचं तर कंपनीचा हप्ताही आपणच भरायचा, वर २ टक्के.

आमच्याकडे 'अदर क्वालिफाइड अडल्ट' ही सोय आहे. लग्न फक्त स्त्री-पुरुषाचंच मानणाऱ्या, राज्याच्या २००४ च्या घटनादुरुस्तीचा आधार घेत २००८ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी संस्थांना समलिंगी जोडीदारांना विमा द्यायला मनाई केली. त्या काळात इथल्या विद्यापीठांनी नात्याची अट काढून एकाच घरात राहणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी ही वाट काढली. ज्यांनी ती लावून धरली, त्यांचे खरोखर उपकार आहेत.

अडचण कराची आहे. तिच्यासाठी विद्यापीठ जो हप्ता भरेल, तो माझं उत्पन्न धरून त्यावर कर कापणार. लग्न झालेलं असतं तर कापला नसता. ती माझ्यावर अवलंबून आहे असं दाखवता आलं तर सुटका होते, पण त्यासाठी वर्षभर एकत्र राहणं आणि तिचा निम्म्याहून जास्त खर्च मी उचललेला असणं लागतं. ऑगस्टपर्यंत ती कमावत होती, घरभाडं निम्मं-निम्मं. माझ्या एफएसएमधून (औषधोपचारासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं खातं) तिची औषधंही घेता येणार नाहीत म्हणे.

पगाराच्या स्लिपवर अशा धरलेल्या उत्पन्नाची, म्हणजे 'इम्प्युटेड इन्कम'ची ओळ ज्यांनी पाहिली आहे त्यांनी कृपया सांगा: हातात येणारा पगार कितपत घटला? वर्षाच्या मध्येच नोकरी गेलेल्या जोडीदाराला कुणी अवलंबित दाखवलंय का? भाडेकरारावर दोघींची नावं आहेत, बँकेचं खातं मात्र वेगवेगळं. पुरावा म्हणून तेवढं पुरतं का?

'लग्न करून टाका' हा सल्ला आपुलकीने दिला जातो, कळतं. २०१५ पासून आम्हाला तो हक्क आहेच. पण तिचे आईबाबा नाशिकहून येतील तेव्हा, त्यांच्यासमोर लग्न करायचं असं आमचं ठरलंय. विम्याच्या फॉर्मपायी क्लार्कच्या कचेरीत घाईघाईने सह्या करायच्या नाहीत. डिसेंबरात लग्न झालंच, तर आधीच्या महिन्यांचा कर परत मिळतो का, हेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

तिचा विमा संपल्यापासून ३० दिवसांत फॉर्म द्यायचाय. इथे लिहायला अवघड वाटत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.