लेकराबरोबर घरी केलेला वाढदिवसाचा केक : तुमचे अनुभव लिहा

खिडकीतली तुळस (जुळे सोलापूर)

लेकीचा वाढदिवस मे महिन्यातला. सोलापूरचा मे म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, ४२-४३ डिग्री, दुपारी नळाचं पाणीसुद्धा पोळतं. पाच वर्षं केक बाहेरूनच आणला. मागच्या वर्षी सहाव्या वाढदिवसाच्या आधी ती म्हणाली, आई, माझा केक मी करू का. मी करूया म्हणाले, पण मनात होतं की करणार मी आणि ती बघणार.

ओव्हन नाही आमच्याकडे. जुन्या कुकरची रिंग आणि शिट्टी काढली, तळाला दीड वाटी जाडं मीठ पसरलं, वर स्टँड ठेवून दहा मिनिटं तापवला आणि मग भांडं आत ठेवून मंद गॅसवर चाळीस मिनिटं. (रोजच्या वरणभाताचा कुकर वापरू नका, बिनपाण्याचा तापून खराब होतो, त्यासाठी जुना एक वेगळाच ठेवा.) मैदा तिने चाळला, निम्मा फरशीवर सांडला, राहिलेल्यात दही घालून ढवळलं. केक छान फुगला, आधी बटर आणि पिठीसाखरेचं क्रीम लावलं तर दुपारी तीनला ते पंख्याखाली बसल्या जागी ओघळायला लागलं. लोणी ३२-३५ डिग्रीलाच पातळ होतं, आमचं स्वयंपाकघर त्याहून गरम होतं मग ते टिकणार कसं. सगळं खरवडून काढलं, रात्री दहाला डार्क चॉकलेट आणि क्रीमचं गनाश केलं, दोन भाग चॉकलेट आणि एक भाग क्रीम, आणि ते मात्र घट्ट बसलं.

वरची सजावट पूर्ण तिची. रंगीत गोळ्या एकेक करून लावल्या, मधे एक फूल, त्याच्या शेजारी अजून काहीतरी, मला ते समजलं नाही. अकराला ती झोपली आणि मी फ्रीज उघडून तीन गोळ्या सरळ रांगेत केल्या. बस तीनच. उद्या लोक येणार म्हणून केलं.

सकाळी उठल्या उठल्या तिने फ्रीज उघडला, बराच वेळ बघत उभी राहिली, आणि म्हणाली, आई इथे आपला टॉमी होता, तू त्याचं शेपूट काढलंस. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं असं वाटलं मला.

वर्ष होत आलं, ती गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्ही मुलांबरोबर केक केलाय का? मुलांनी नेमकं काय केलं आणि तुम्ही कुठे हात आवरला, कुठे आवरला नाही, तेही लिहा. उन्हात क्रीम कशी टिकवता हेही सांगा, मे परत येतोय.

मागावरचा (पूर्व भाग)

ताई, शेपटाचं वाचून कसंतरीच झालं. माझं लिहितो.

आमचं घर विणकरांचं. वडील चाळीस वर्षं चादरीच्या मागावर होते, आता हात थरथरतात म्हणून घरीच असतात, फारसं बोलत नाहीत. मुलाच्या नवव्या वाढदिवसाला त्याने हट्ट धरला की चादरीचा केक पाहिजे, तात्यांच्या चादरीसारखा. मी म्हणालो कार्टून करू, गाडी करू. नाही म्हणजे नाहीच.

चौकोनी केक बायकोने केला, त्यावर पांढरं क्रीम सपाट लावलं, आणि मग आम्ही बापलेक नुसते बघत बसलो की सुरुवात कुठून करायची. तात्या खाटेवरून म्हणाले, काय करलालाव रे दोघं? काठ आधी घ्या की. आणि उठून आले. वहीतला चौकटीचा कागद मागितला, पोराला पेन्सिल दिली आणि सांगत गेले, इथं दोन घरं भर, एक सोड, तीन भर, आता हेच उलटं. चादरीची नक्षी अर्धीच काढायची असते, दुसरी अर्धी आरशातल्यासारखी येते, हे मला इतकी वर्षं त्या घरात राहून माहीत नव्हतं. मागावर नक्षी उचलणाऱ्या जकार्डच्या पुठ्ठ्याला भोकं कशी असतात, एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ, भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, हे सगळं त्यांनी पोराला त्या कागदावर दाखवलं. तो म्हणाला, तात्या हे तर कॉम्प्युटरसारखं आहे.

मग क्रीमवर टूथपिकने चौकटी आखल्या, दुधाची पिशवी धुऊन पुसून तिचा कोपरा कापून कोन केला, लाल आणि काळं क्रीम भरलं. तात्यांना कोन धरता येईना, हात हलायचा. मग त्यांनी फक्त मोजायचं आणि पोराने भरायचं असं ठरलं. दोन अडीच तास लागले, मधेमधे केक फ्रीजमध्ये ठेवायचा, परत काढायचा. एका कोपऱ्यात पोराचं एक घर चुकलं, मी सुरी घेऊन पुढे झालो तर तात्यांनी माझा हात धरला. म्हणाले, राहू दे, धागा सुटला की सुटला, पुढची ओळ बरोबर घे.

केक कापताना पोराने काठ कापू दिला नाही कुणाला. तो तात्यांना दिला.

कडक भाकरी

आमचा अनुभव छोटा आहे. एप्रिल २०२०, लॉकडाऊन, सगळं बंद, मुलगा चार वर्षांचा होणार. मैदा नाही, क्रीम नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. घरात बिस्किटांचे पुडे तेवढे होते. ती मिक्सरला बारीक केली, दूध घालून सरसरीत केलं, आणि शेवटी एक चमचा इनो. इनो टाकायचं काम त्याचं. टाकल्याबरोबर सगळं फसफसून वर आलं आणि तो जो ओरडला आनंदाने, शेजारच्या काकू गॅलरीत आल्या काय झालं बघायला. इनो घातल्यावर थांबायचं नाही, लगेच कुकरमध्ये ठेवायचं, हवा निघून गेली की केक बसतो. मेणबत्तीच्या जागी औक्षणाचं निरांजन ठेवलं. फुंकर मारू दिली नाही त्याला, निरांजन फुंकायचं नसतं, नुसतं ओवाळलं. आता तो शाळेत जातो तरी विचारतो, इनोवाला केक कधी करायचा.

लिंबाचं लोणचं

@खिडकीतली तुळस, क्रीमचं सांगते. नॉन डेअरी व्हिपिंग क्रीम घ्या, ते उन्हाळ्यात लोण्यापेक्षा बरं टिकतं. फ्रीझरमधून काढून फ्रीजमध्येच विरघळू द्यायचं, बाहेर नाही. पातेलं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवायची, फेटताना पातेल्याखाली बर्फाची परात. आणि तुम्ही केलंत तसं रात्रीच करायचं. आमच्याकडे तर अजून एक बघावं लागतं, पाण्याचा दिवस. ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी केक करायचा नाही, एकीकडे पिंपं भरायची, मोटर लावायची आणि दुसरीकडे क्रीम फेटायचं हे एकदा केलंय, क्रीमचं लोणी झालं. पण दुसऱ्या दिवशी केला की भांडी घासायला पाणी भरपूर असतं. मुलांबरोबर केक म्हणजे भांडी किती निघतात ते करणाऱ्यालाच माहीत.

साखर पेठेतली आजी

मी आजी आहे, टाईप करायला वेळ लागतो, समजून घ्या. नातीला सूर्यफुलाचा केक हवा होता. पिवळा. सुनेला बाजारचा रंग नको होता म्हणून मीच म्हणाले हळद घाल की. नातीने स्वतःच्या हाताने अर्धा चमचा हळद घातली, पीठ सुंदर पिवळं झालं. मग खायचा सोडा घातला आणि बघता बघता पीठ लालसर तांबूस झालं! पोर घाबरली, तिला वाटलं तिने काहीतरी बिघडवलं.

मी तिला देवघरात घेऊन गेले आणि कुंकवाची डबी दाखवली. आपल्या पंढरपूरला पूर्वीपासून कुंकू करतात ना, ते हळदीचंच, त्यात चुना पडला की लाल होतं. हळदीच्या डागावर साबण लावला की लाल होतो, तेच. सोडाही त्याच जातीचा. मग तिला वाटीत हळदीचं पाणी करून दिलं, सोडा घातला लाल झालं, लिंबू पिळलं परत पिवळं. अर्धा तास तेच करत बसली, ओटा सगळा पिवळा लाल. केक आम्ही तसाच भाजला, तांबूस झाला, तिनेच नाव ठेवलं कुंकवाचं सूर्यफूल. पाकळ्या आंब्याच्या फोडींच्या लावल्या.

ज्याला पिवळाच पाहिजे त्याने हळद केकमध्ये घालू नये, वरच्या क्रीममध्ये चिमूटभर घालावी, तिथे सोडा नसतो. बिटाचंही असंच, पीठ गुलाबी दिसतं आणि भाजल्यावर तपकिरी होतं. बिटाचा रससुद्धा क्रीममध्येच चांगला.

ज्वारीचं कणीस (मंगळवेढ्याहून सोलापुरात आलेली)

आजी, किती छान लिहिलंत.

माझ्या मुलाला सिलिअॅक आहे, म्हणजे गहू, मैदा, रवा, काहीही चालत नाही, आयुष्यभर. कळलं तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्यानंतर ज्या ज्या वाढदिवसाला गेलो तिथे तो केक कापताना टाळ्या वाजवायचा आणि मग माझ्याजवळ येऊन उभा राहायचा. काही मागायचा नाही. डब्यातला लाडू मी द्यायचे. त्याचं ते न मागणं मला सहन व्हायचं नाही.

माहेर मंगळवेढ्याचं, ज्वारीचं कोठार म्हणतात त्याला. मग ज्वारीचाच केक करायचा ठरवलं. पहिले तीन बिघडले, चव चांगली पण सुरी लावली की भुगा. ज्वारीत तो चिकटपणा नसतो ना जो गव्हात असतो. सासूबाई बघत होत्या, त्या म्हणाल्या, अगं भाकरीला आधण घालतेस की नाही, तसंच कर. मग निम्म्या पिठावर उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं, ते छान चिकट झालं, गार झाल्यावर त्यात उरलेलं पीठ, दोन पिकलेली केळी कुस्करून, वाटीभर दही, किसलेला गूळ, थोडं तेल, बेकिंग पावडर आणि चिमूटभर सोडा. चौथा केक कापला तर अख्खी फोड निघाली. फोड हातात घेऊन मी आणि सासूबाई एकमेकींकडे बघत राहिलो.

एक महत्त्वाचं, कुणाच्या घरी असं लेकरू असेल तर ज्वारी बाहेरच्या गिरणीत दळू नका, आधी गहू दळलेला असतो, त्याचं पीठ यात येतं. आम्ही घरघंटी घेतली, तिच्यात गहू कधीच घालत नाही. चाळणी, पोळपाट सगळं वेगळं.

सजावट त्याने केली, डाळिंबाच्या दाण्यांनी. एकेक दाणा. आपल्याकडची डाळिंबं, त्यांना रंग द्यायची गरज नाही. सातवा वाढदिवस म्हणून ७ आकडा काढला, तो उलटा आला. मी काही बोलले नाही. संध्याकाळी दहा-बारा मुलं आली, आणि त्याने सगळ्यांना स्वतः फोड वाढली, प्रत्येकाला सांगत होता, हा मला चालतो. हा मला चालतो.

गड्ड्याजवळचा

आमच्या मुलीचा वाढदिवस १४ जानेवारी, म्हणजे ऐन सिद्धेश्वर यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या दिवशी. घरातले पुरुष सगळे बाराबंदी (यात्रेचा पांढरा पोशाख) घालून सकाळीच बाहेर, केकसाठी वेळ कुणाला. म्हणून आमच्याकडे केक आदल्या रात्रीच होतो. थंडी असते तेव्हा, क्रीम वितळायचा प्रश्न नाही. दोन वर्षांपूर्वी तिने केकवर नंदीध्वज (यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्या) उभे केले, सातच्या सात, ऊसाच्या बारीक कांड्या सोलून, वर झेंडूच्या पाकळ्या. मी म्हणालो सात जास्त होतात, केक छोटा आहे, तीन लाव. ती म्हणाली, बाबा, मग बाकीच्या चारांचे लोक काय करतील? सात लावले. केक दिसतच नव्हता नंतर, नुसता ऊस.

लिंबाचं लोणचं

ऊसाची आयडिया भारी आहे. @ज्वारीचं कणीस, आधण किती वाटी पिठाला किती ते सांगा ना, माझ्या भाचीलाही गहू बंद केलाय.

ज्वारीचं कणीस

एक वाटी पिठाला एक वाटी उकळतं पाणी, हळूहळू घालायचं, उकडीसारखं दिसलं की थांबायचं. पूर्ण गार झाल्याशिवाय दही घालू नका.

खिडकीतली तुळस

सगळ्यांचे अनुभव लेकीला वाचून दाखवले. चादरीचा दोनदा वाचायला लावला. ज्वारीचा केक आम्ही परवा करून बघितला, आधणाचं प्रमाण बरोबर आहे, अजिबात फुटला नाही.

सातव्या वाढदिवसाचं काल ठरलं. केक रात्री करायचा, गनाशच लावायचं, डाळिंब आणायचं. उलट्या वाटीवर ताट ठेवून केक फिरवायचा असतो ना, ते ताट धरायचं काम तिने मला दिलंय. टॉमी ती कागदावर काढून ठेवतेय, चार झालेत आतापर्यंत, फ्रीजवर चिकटवलेत. सगळ्यांत शेपूट मोठं आहे.