‘तार’ : धातूची, सुराची आणि निरोपाची

मूळ शंका अशी होती : ‘गावाहून तार आली’ या वाक्यातली तार आणि तंबोऱ्याची तार हा एकच शब्द आहे की उच्चाराने जुळणारे दोन वेगळे शब्द आहेत, आणि यंत्राचे नाव ‘तारयंत्र’ लिहावे की ‘तारायंत्र’?

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. शब्द एकच आहे. दोन्हींचे लिंग स्त्रीलिंगच, दोन्हींची रूपे ‘तारा’, ‘तारेने’, ‘तारेवर’ अशीच. फारसीत ‘तार’ म्हणजे धागा, तंतू. ‘सेह’ म्हणजे तीन आणि ‘तार’ म्हणजे तंतू, यांतून आपली सतार आली. संस्कृतात मात्र ‘तार’ हे उंच, तीव्र ध्वनीचे विशेषण आहे आणि गवयाचे तारसप्तक तिथून आलेले आहे. मराठी कानाला हे दोन्ही ‘तार’ इतके जवळचे वाटतात की तारसप्तकाचा संबंध वाद्याच्या तारेशी असावा, असे पुष्कळांना वाटते. तंतूचा मूळ अर्थ आजही सर्वांत स्पष्ट दिसतो तो स्वयंपाकघरात. पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून बोटे हलकेच लांब करावीत; मध्ये एक बारीक चिकट धागा ताणला जाऊन न तुटता राहिला, तर पाक एकतारी झाला. तिथे धातू नाही, सूर नाही आणि निरोपही नाही; आहे तो निव्वळ तंतू.

खरी गंमत निरोपाच्या अर्थात आहे. ‘टेलिग्राफ’ या युरोपीय शब्दात तारेचा मागमूसही नाही, कारण तो शब्द विजेच्या तारेहून जुना आहे. क्लोद शाप या फ्रेंच गृहस्थांनी १७९० च्या दशकात टेकड्यांवर आणि मनोऱ्यांवर हलते लाकडी हात उभारले. एका मनोऱ्यावरच्या हातांची ठेवण पुढच्या मनोऱ्यावरचा माणूस दुर्बिणीतून पाहत असे आणि तशीच ठेवण आपल्या हातांना देत असे. १७९४ मध्ये पॅरिस आणि लील या शहरांमध्ये अशी ओळ चालू झाली. ‘दूर’ आणि ‘लिहिणे’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून या व्यवस्थेला ‘टेलिग्राफ’ नाव मिळाले. पुढे सॅम्युएल मोर्स यांनी २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला विजेच्या साहाय्याने संदेश पाठवला, तेव्हा यंत्र पूर्णपणे बदललेले होते, पण नाव तेच राहिले.

मराठी माणसाने मात्र हे यंत्र ओळखले ते खांबांवरून गेलेल्या तारेमुळे. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये बांबूंवर तारा ताणून प्रयोग केले होते. त्यानंतर कलकत्ता ते डायमंड हार्बर ही ओळ झाली, १८५४ मध्ये मुंबई या जाळ्यात आली आणि १८५५ पासून सर्वसामान्य लोकांना पैसे भरून संदेश पाठवता येऊ लागले. येथे एक पोटटीप द्यावीशी वाटते. ओशॉनेसी यांनी सुरुवातीला वापरलेली ‘तार’ ही नाजूक तार नव्हतीच. माकडे, पक्षी आणि वादळे यांपुढे टिकाव लागावा म्हणून त्यांनी जाड लोखंडी सळई पसंत केली होती. नाव दिसण्यावरून पडले असे आपण म्हणतो खरे, पण नेमके दिसण्यावरूनच पडते, तर कदाचित आपण ‘गावाहून सळई आली’ असे म्हणालो असतो.

पुढे दूरध्वनी, दूरदर्शन, दूरमुद्रक (टेलिप्रिंटर) हे शब्द घडवताना ‘टेलि’चे ‘दूर’ केले गेले. त्याच पठडीत बसणारा ‘दूरलेख’ मात्र तारेची जागा घेऊ शकला नाही, कारण ती जागा बाजारातल्या आणि स्टेशनवरच्या माणसांनी आधीच भरून टाकली होती. ‘दूरध्वनी’ अर्जात राहिला आणि तोंडात ‘फोन’ बसला. तारेच्या बाबतीत अर्जातही तारच होती आणि तोंडातही. माझ्या मते हे नामकरण पुढच्या सगळ्या ‘दूर’ शब्दांपेक्षा सरस आहे.

एकदा शब्द रुळल्यावर अर्थ सरकत गेला. आधी तार म्हणजे वाहक वस्तू, मग तिच्यावरून जाणारा निरोप, मग तो निरोप लिहिलेला कागद. म्हणूनच ‘तार फाडली’ या वाक्याने कोणाला खांबावरची तार डोळ्यांपुढे येत नसे. ‘तार करणे’ आणि ‘तार ठोकणे’ हे दोन्ही प्रयोग रूढ होते. ‘ठोकणे’ हे यंत्राच्या कट्ट-कडकट्ट आवाजावरून आले असे सांगितले जाते. ते शक्य आहे, परंतु आपण अर्ज ठोकतो आणि भाषणही ठोकतो, हे ध्यानात ठेवून मी त्यावर फार भार देणार नाही. पैसे शब्दांच्या संख्येवर आकारले जात असल्यामुळे मजकूर तोकडा असे आणि बहुतेक वेळा इंग्रजीत असे. देवनागरी तारेची सोय स्वातंत्र्यानंतरची. ‘मदर सिरीयस, स्टार्ट इमिजिएटली’ या मजकुरातल्या ‘सिरीयस’चा अर्थ ‘गेली’ असाच घ्यायचा, हे इंग्रजी न येणाऱ्या घरांनाही पाठ होते. त्यामुळे ‘पत्र आले’ म्हटल्यावर ‘काय लिहिले आहे?’ असा प्रश्न येई, तर ‘तार आली’ म्हटल्यावर ‘कोणाची?’ एवढेच विचारले जाई.

आता लेखनाचा प्रश्न. समासाच्या सरळ नियमाने ‘तारयंत्र’ व्हायला हवे; तारमास्तर, तारखाते, तारऑफिस या शब्दांत ‘तार’मधल्या ‘र’ला कुठेही काना लागलेला नाही. तरीही बोलण्यात आणि छापण्यात ‘तारायंत्र’ हेच रूप अधिक भेटते. अनेक तारांचे यंत्र म्हणून अनेकवचन शिरले असेल किंवा ‘र’ आणि ‘य’ लागोपाठ उच्चारताना जीभ अडखळत असेल. कारण काहीही असो, रूढ रूप अशुद्ध ठरवण्यात मला अर्थ वाटत नाही. मी स्वतः ‘तारायंत्र’ लिहितो.

तारेचे म्हणून सांगितले जाणारे काही शब्द मात्र तिचे नातलग नाहीत. ‘तारांबळ’ लग्नाच्या मुहूर्तावर म्हटल्या जाणाऱ्या ‘ताराबलं चंद्रबलं’ या शब्दांतून आणि त्या वेळच्या धावपळीतून आली, असे मानतात. ‘तारतम्य’ हे ‘तर’ आणि ‘तम’ या तुलनादर्शक प्रत्ययांचे अपत्य आहे. विधिमंडळातला ‘तारांकित प्रश्न’ आकाशातल्या ताऱ्याचा. ‘तारेवरची कसरत’ ही डोंबाऱ्याची आहे, टपाल खात्याची नव्हे; आणि ‘तारेत असणे’ हे बहुधा चढवलेल्या, ताणलेल्या तारेवरून आले असावे.

पुरवणी : कन्नड आणि तमिळ भाषांत काय म्हणतात, असे नंतर विचारले गेले. तिथे ‘तंती’ हा शब्द आहे, म्हणजे संस्कृत ‘तंत्री’. वाद्याची तार तीच आणि निरोपही तोच. हिंदी आणि गुजराती मराठीप्रमाणे ‘तार’ म्हणतात. इंग्रज माणूसही घाईत ‘वायर’ किंवा ‘केबल’ पाठवीत असे. वस्तूवरून निरोपाचे नाव पडणे हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य नाही, एवढी दुरुस्ती मी माझ्या वरच्या कौतुकाला जोडतो.

भारतातली तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. तिच्या विरोधातून जन्मलेला ‘बिनतारी’ हा शब्द पोलिसांच्या बिनतारी संदेश यंत्रणेत अजून नोकरीवर आहे. खिशातला मोबाइलही तसा बिनतारीच, पण त्याला कोणी तसे म्हणत नाही. तेव्हा कोशात ‘कालबाह्य’ ही खूण करायचीच असेल, तर ती ‘तार’ या शब्दापुढे न करता त्याच्या निरोपाच्या अर्थापुढे करावी आणि तिथे ‘तारेने आलेला निरोप, तो लिहिलेला कागद’ असे दोन्ही तपशील द्यावेत.