मदत हवी आहे : पोरीला मुंबईचं म्युझियम दाखवायचं आहे

नमस्कार मंडळी. आम्ही धामणगाव रेल्वेजवळच्या खेड्यातले. पोरगी नववीत आहे, चित्रं काढते. जुन्या लघुचित्रांचे ब्रश खारीच्या शेपटीच्या केसांचे असत, हे तिनं कुठंतरी वाचलं आणि गोऱ्ह्याच्या शेपटीचे चार केस काडीला बांधून ब्रश केला. त्या ब्रशानं काढलेली पऱ्हाटीच्या बोंडाची शीर न् शीर दिसते. तेव्हाच ठरवलं, हिला खरी लघुचित्रं समोर उभं राहून बघू द्यायची.

म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. लघुचित्रं तर आहेतच, शिवाय सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपातल्या मातीच्या मूर्ती, टाटा बंधूंनी दिलेला संग्रह. नागपूरचं म्युझियम, म्हणजे अजब बंगला, दोनदा पाहून झालं.

तूर निघाली की विदर्भ एक्सप्रेसनं येऊ, सकाळी सीएसएमटीला उतरू. म्युझियम उघडेपर्यंत आंघोळ आणि सामान ठेवायची सोय जवळपास कुठं होईल? आत पेन्सिलीनं रेखाटन करू देतात का? तिला एकेका चित्रापुढं तासभर बसायचं असतं, त्यामुळे हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी आणि समोरचं आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय त्याच दिवशी उरकावं, की दुसरा दिवस ठेवावा? राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतं, तो वार टाळतोच आहे.

सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात. जिने किती चढावे लागतात, लिफ्ट आहे का, हे कुणी नुकतंच जाऊन आलं असेल तर नक्की सांगा.