न्यू गेम प्लसमध्ये शत्रूचा नुसता हेल्थ बार, म्हणजे जिवाची पट्टी, लांबवून काय मिळतं?

हरिपूरकर
"दुसऱ्या फेरीत शत्रू दुपटीनं दणकट झाले नाहीत तर तो गेम बालवाडीचा. कॅरेक्टर तयार असताना सोपं मागतात ते खेळाडूच नव्हेत." न्यू गेम प्लस, म्हणजे गेम संपवल्यावर तेच तयार कॅरेक्टर घेऊन खेळायची दुसरी फेरी, तिच्याबद्दलची ही विटेकरांची परवाची पोस्ट. दोन दिवस गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना.

विचर ३ चं घ्या. २०१५ च्या मे महिन्यात गेम आला, ऑगस्टमध्ये न्यू गेम प्लस फुकटात मिळालं. माझी पहिली फेरी १३० तासांची. ग्रिफिन नावाच्या तलवार-चिलखताच्या सेटचे नकाशे हुडकण्यात आठवडे घालवलेले. दुसऱ्या फेरीला बसलो तर सुरुवातीच्याच व्हाइट ऑर्चर्डच्या नदीकाठचे ड्राउनर, म्हणजे पाण्यातले राक्षस, तिशीच्या लेव्हलचे! चाल तीच. पाण्यातून वर येतो, उडी मारतो, दोन पंजे मारतो, मागं सरकतो. पूर्वी तीन घावांत पडायचा, आता दहा लागतात. पुढं एका मेलेल्या डाकूकडं माझ्या तलवारीपेक्षा भारी तलवार सापडली. मग त्या नकाशांसाठी मी कशाला वणवण केली? ग्वेंट या गेममधल्या पत्त्यांच्या खेळाचे जमवलेले पत्ते तर काढूनच घेतात.

याउलट २०१४ चा डार्क सोल्स २ बघा. दुसऱ्या फेरीत ठरावीक जागी लाल फँटम, म्हणजे पहिल्या फेरीत नसलेले जादा शत्रू, उभे. लॉस्ट सिनर या बॉसच्या खोलीत पहिल्यांदा ती एकटी असते. दुसऱ्यांदा सोबत आग फेकणाऱ्या दोघी. मी सवयीनं आत शिरलो, डावीकडं वळलो आणि जळालो. त्या रात्री सात वेळा मेलो आणि एकदाही चिडलो नाही. मला अवघड नको असं नाही. मला तेच काम तिप्पट वेळ करायचं नाही.

विटेकर
पोस्ट माझीच आणि अजून त्यावर ठाम आहे.

आकडा वाढला की खेळ बदलत नाही हे साफ खोटं. पहिल्या फेरीत शत्रूचे तीन फटके खाऊन जगता येतं. दुसरीत दीड फटक्यात गेम. म्हणजे फटका चुकवायला रोल (कोलांटी) जरा उशिरा मारायची सवय जी १०० तास लपून राहिली, ती आता उघडी पडते. चाल तीच असली तरी तुमची चूक महाग होते, आणि शिकायचं असतं ते तिथंच.

डायब्लो २ आठवा. नॉर्मल, नाइटमेअर, हेल अशा चढत्या अवघड फेऱ्या. एक्स्पान्शनमध्ये हेलला पोचलात की आपले सगळे रेझिस्टन्स (आग, थंडी सोसायची ताकद) १०० नं खाली. त्यात कुणी शत्रू आगीला इम्यून, म्हणजे आगीचा परिणामच नाही, कुणी थंडीला. माझी नुसत्या आगीवर वाढवलेली सॉर्सरेस (जादूगारीण) तिथं बाद झाली. नव्यानं दुसरी उभी केली आणि ती बिल्ड, म्हणजे तिच्या कौशल्यांची जुळणी, मला आजही तोंडपाठ आहे. कुणी सोपं करून दिलं असतं तर ती बनलीच नसती.

निकाली, म्हणजे चितपट होईपर्यंतच्या, कुस्तीत पाऊण तास दम टिकवावा लागतो तेव्हा पैलवान कळतो. लांब हेल्थ बार म्हणजे तेच.

हरिपूरकर
विटेकर, इम्युनिटी म्हणजे नुसता आकडा नव्हे. तिनं तुम्हाला बिल्ड बदलायला लावली. तुम्ही माझंच म्हणणं मांडताय.

कृष्णाकाठची
तुम्हा दोघांनाही अवघडच हवंय. माझ्यासारखीचं कुणी बोलत नाही म्हणून लिहिते.

न्यू गेम प्लस हे नाव ज्या गेमनं रुळवलं तो १९९५ चा क्रोनो ट्रिगर. त्यात शत्रू अजिबात वाढत नाहीत. तुमची लेव्हल, हत्यारं सगळं सोबत, आणि लावोस या शेवटच्या शत्रूला कधी गाठायचं ते तुम्ही ठरवायचं. जेव्हा गाठाल त्याप्रमाणं एंडिंग वेगळं. ताकद दिली ती गोष्टीची दुसरी बाजू बघता यावी म्हणून. हा गेम कुठल्या बालवाडीचा?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहत होतो. आधी कागदपत्रं, सासूबाईंची औषधं, शिलाई मशीन वर नेली. कॉम्प्युटर राहिला. पाणी उतरल्यावर कॅबिनेट उघडलं तर मदरबोर्डवर गाळाचा बोटभर थर, आणि पंख्याच्या पात्यांत पाणवनस्पती अडकलेली. त्यात माझं चार वर्षांचं सेव्ह होतं. पुन्हा लेव्हल एकपासून सुरुवात केली. पोरगं झोपल्यावर तास-दीड तास मिळतो. ते कॅरेक्टर परत उभं करायला दोन वर्षं लागली. आता दुसऱ्या फेरीत मी गावगुंडाला एका घावात आडवा करते आणि मला त्याचा आनंद होतो. तो मी कमावलाय. मला खेळाडूच नव्हे म्हणणाऱ्यानं माझा तळमजला बघितलेला नाही.

विटेकर
ताई, पुराचं माहीत नव्हतं. तो शब्द तुमच्यासाठी नव्हता.

कृष्णाकाठची
नाव घेतलं नव्हतं, पण बसला मलाच.

तालीमवाला
विषय चालू द्या, पण विटेकर, कुस्तीचं उदाहरण देताना जपून. पाऊण तास चालली म्हणजे चांगली कुस्ती, असं कुठल्या वस्तादानं सांगितलं? दोन पैलवान नुसते खांद्याला खांदा लावून ढकलत बसले तर जत्रेत लोक ओरडतात, "सोडवा, सोडवा!" माणूस मैल तुडवत येतो तो डाव बघायला, ढाक बघायला, घिस्सा बघायला. पाचव्या मिनिटाला एकलंगी डावावर चितपट झाली तर फेटे उडतात.

आणि जोड कशी लावतात ते बघा. पंच दोघांना आखाड्यात शेजारी उभं करून बघतात, वस्तादाला विचारतात, मग हात मिळवतात. गाव गाजवलेल्याला पोरासोबत लावत नाहीत, आणि पोराला चार लंगोट नेसवून मोठाही करत नाहीत. तुमच्या गेममध्ये ड्राउनरला तसंच करून ठेवलंय.

मिरजेचा_मावळा
आता पाऊण तास कुस्ती कुठं राहिली? गादीवर सहा मिनिटांत गुण मोजून निकाल. जत्रेतल्या निकालीचे दिवस गेले. कुस्ती मातीतच संपली.

तालीमवाला
संपली काय म्हणता? आमच्या तालमीत आज पहाटे साडेचारला अठरा पोरं माती उकरत होती. या बुधवारीच हौद्यात ताक, तेल, हळद, लिंबू घातलंय. येऊन वास घ्या. घरात बसून संपली म्हणणाऱ्यांमुळंच पोरांचे बाप तालमीचा खुराक बंद करतात.

मिरजेचा_मावळा
मी घरात बसणारा नाही. माझा भाऊ सहा वर्षं मातीत घुमला. जिल्ह्याच्या स्पर्धेला गेला तर समोर गादी. पाय कसा टाकायचा, वर्तुळाबाहेर गेलं की गुण जातो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच फेरीत हरला आणि लंगोट खुंटीला लावला तो कायमचा. वस्तादांनी गादी दाखवली असती तर? माती माती करून पोरांचं वाटोळं केलंत.

तालीमवाला
भावाचं वाईट वाटलं. पण दोष मातीचा नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतलेच. १९४८ ला लंडनला गादीवर उतरले, ५२ किलोत सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोत कांस्य. वरचा वजनगट आणि तरी पदक. पाया मातीचाच होता.

मिरजेचा_मावळा
पाया मातीचा, पण मधल्या चार वर्षांत त्यांनी गादीचा सराव केला, म्हणून पदक आलं. तेच तर बोंबलून सांगतोय!

तालीमवाला
एवढं मान्य. आमच्याकडं गादी नाही, वर्गणी काढतोय दोन वर्षं. पण मातीला नावं ठेवायची नाहीत.

विटेकर
तुम्ही दोघं भांडलात त्यात मला एक दिसलं. खाशाबांच्या समोरचा पैलवान नुसता जड झाला नव्हता. वजनगट बदलला, पायाखालची जमीन बदलली, नियम बदलले. माझ्या सॉर्सरेसचंही तसंच झालं होतं. हरिपूरकर, ड्राउनरच्या बाबतीत तुमचं मान्य करतो. फक्त ड्राउनरच्या बाबतीत.

पण फटका जड करणं मी सोडणार नाही. २०१९ चा सेकिरो बघा. दुसऱ्या फेरीत कुरो या पात्रानं दिलेला ताईत त्याला परत देता येतो. मग नुसता ब्लॉक धरला तरी रक्त जातं, अचूक वेळी डिफ्लेक्ट मारलं, म्हणजे वार परतवला, तरच वाचता. शत्रूला नवी चाल एकही नाही. गेनिचिरो या बॉसला मी पहिल्या फेरीत ब्लॉक धरून रडतखडत पाडलं होतं. ताईत दिल्यावर तीन रात्री अडकलो. चौथ्या रात्री बटण दाबून धरायचं सोडलं आणि तलवारीचा आवाज ऐकून दाबायला लागलो.

हरिपूरकर
सेकिरोला मी हात जोडतो. ताईत द्यायचा की ठेवायचा हे तिथं खेळणारा ठरवतो आणि बदलतो तो नियम. विचरमध्ये मला कुणी विचारलं नाही. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्येही नाही. आपली लेव्हल वाढली की रस्त्यावरचा दरोडेखोर ग्लासचं महागडं चिलखत घालून येतो आणि शंभर नाणी मागतो. अरे, ते चिलखत विकलंस तर जन्मभर बसून खाशील! तिथं माझा त्या जगावरचा विश्वासच उडाला.

कृष्णाकाठची
ताईत ठेवायची मुभा आहे ना, मग माझी तक्रार नाही. ज्याला द्यायचा त्यानं द्यावा. पण सुरुवातीलाच विचारा. पाच तास खेळल्यावर कळलं की शत्रू वाढलेत, तर माझ्या आठवड्यातल्या चार रात्री गेल्या. तो वेळ मला कुणी परत देत नाही.

विटेकर
विचारावं, हे बरोबर. पण माझ्या मते आधीपासून टिक अवघडवर असावी.

कृष्णाकाठची
आणि माझ्या मते नसावी.

तालीमवाला
मिरजकर, भावाला रविवारी घेऊन या. गादी नाही, पण शेजारच्या गावात आहे. मी घेऊन जातो.

मिरजेचा_मावळा
तो आता चौतीस वर्षांचा आहे. विचारून बघतो.