रेंजवर सेकंदाला एकच गोळी: सुरक्षा की नुसता जाच?

टेक्सासकर_नाना
शनिवारी डॅलसजवळच्या एका इनडोअर शूटिंग रेंजवर गेलो होतो, स्वतःची नाइन एमएम पिस्तूल, टार्गेट सात यार्डांवर. दोन गोळ्या पाठोपाठ मारल्या, दोन्ही मधोमध, तळहाताएवढ्या जागेत. लगेच मागून रेंज ऑफिसर ओरडला आणि भिंतीवरची पाटी दाखवली, सेकंदाला एक गोळी, पुन्हा केलंत तर बाहेर. अरे मी बंदूक घेतलीये घराच्या रक्षणासाठी, चोर काय सेकंद मोजत थांबणार आहे का? ज्याची खरी गरज आहे त्याचीच प्रॅक्टिस करू देत नाहीत. माझ्या मते हा नियम इन्शुरन्सवाल्यांच्या समाधानासाठी आहे, बाकी काही नाही. तुम्हाला काय वाटतं?

शंकासूर
आधी हे सांगा व्हिसा कोणता? एच१बीवर असाल तर हंटिंग लायसन्स वगैरे अपवादात बसल्याशिवाय रेंजवरची भाड्याची बंदूकसुद्धा हातात घेता येत नाही, फेडरल कायदा आहे. आपली बरीच पोरं वीकेंडला जाऊन फोटो टाकतात आणि हे कुणाच्या गावीही नसतं.

टेक्सासकर_नाना
ग्रीन कार्ड येऊन तीन वर्षं झाली हो. मुद्द्यावर बोला.

कोकणी_मेवा
मुद्द्यावर बोलतो. नाना, तुमच्या दोन गोळ्या मधोमध लागल्या, मान्य. पण तो नियम तुमच्या दुसऱ्या गोळीसाठी नाहीये, नवख्या माणसाच्या पाचव्या गोळीसाठी आहे. प्रत्येक झटक्याला नळीचं तोंड वर उचललं जातं आणि ते खाली यायच्या आत ट्रिगर दाबला की पुढची गोळी आणखी वर. साधा हिशोब करा, तोंड पाच अंश वर गेलं तर सात यार्डांवर फरक पडतो दोनेक फुटांचा, पण गोळी काय कागदापाशी थांबते का, ती पंचवीस यार्डांवरच्या मागच्या भिंतीपर्यंत जाते आणि तिथे फरक होतो साडेसहा फूट. म्हणजे छत, दिवे, टार्गेट ओढणारी ट्रॉली. तुमच्या रेंजच्या छताकडे एकदा मान वर करून बघा, भोकं दिसतील. आणि उघड्यावरची रेंज असेल तर मातीच्या बांधावरून पलीकडे. .22 सारखी चिमुकली गोळी दीड मैल जाऊ शकते, डब्यावरच छापलेलं असतं. पलीकडे कुणाचं तरी घर असतं, एक गोळी तिथे गेली की रेंजला टाळं.

बालेवाडी_रिटर्न
थोडा विरोध करतो. वेगाने मारणं म्हणजेच धोका असं असतं तर २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल हा ऑलिंपिकचा प्रकारच नसता. शेजारी शेजारी पाच टार्गेटं, प्रत्येकावर एक गोळी, वेळ आधी आठ सेकंद मग सहा मग चार. चार सेकंदांत पाच! विजय कुमारला २०१२ ला लंडनमध्ये यातच सिल्व्हर मिळालं. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतच्या २५ मीटर पिस्तूलमध्येही एक भाग रॅपिडचा असतो, तिथे मात्र तीन सेकंदांत एकच गोळी. तेव्हा दोष वेगाचा नाही, न शिकवता वेग देण्याचा आहे.

कोकणी_मेवा
अहो तिथे .22, झटका जवळपास नाहीच, सुरुवातीला हात ४५ अंशांत खाली, सगळे एकाच कमांडवर, आणि कोच मानगुटीवर बसलेला. शनिवारी दुपारच्या रेंजवर बारा लेन, एका लेनमध्ये नाना, शेजारी बॅचलर पार्टीची पोरं, ऑफिसर एकच.

टेक्सासकर_नाना
हेच तर म्हणतोय! त्या पोरांची शिक्षा मला का? परीक्षा घ्या, पास झालो की कार्ड द्या, काही रेंज देतात तसं. सरसकट बंदी म्हणजे वर्गात एकाने दंगा केला म्हणून सगळ्यांना बाकावर उभं करणं झालं.

मीच_तो
मी दोन वर्षं वीकेंडला रेंज सांभाळलीये म्हणून सांगतो. मागे उभं राहिलं की बारा पाठी दिसतात, कार्ड कुणाचं आहे ते पाठीवर लिहिलेलं नसतं. मी कानानेच काम करायचो. सगळे हळू मारत असतील तर बिघडलेला आवाज लगेच कळतो. काडतुसात दारू कमी असली की नुसतं फुस्स होतं, गोळी नळीतच अडकते, आणि त्यावर पुढची मारली की नळी फुगते नाहीतर फुटते. एकाने जरी धडाधड सुरू केलं की ते फुस्स मला ऐकू येत नाही आणि मारणाऱ्यालाही नाही.

बालेवाडी_रिटर्न
पण सेमी-ऑटोमध्ये फुस्स झालं की बहुतेक वेळा पुढचं काडतूस आपोआप चढतच नाही ना?

मीच_तो
बहुतेक वेळा. आणि मग यूट्यूब बघून आलेला माणूस काय करतो? खटकन स्लाइड ओढून पुढची मारतो, कारण घाईत तेच शिकलाय. रिव्हॉल्व्हर असेल तर तेवढंही लागत नाही.

टेक्सासकर_नाना
हे फुस्सचं माहीत नव्हतं, खरंच. तरी घराच्या रक्षणाचा प्रश्न उरतोच.

मीच_तो
त्यासाठी यूएसपीएसएच्या, म्हणजे इथल्या प्रॅक्टिकल शूटिंगच्या संघटनेच्या, मॅचला जा. तिथे पळत पळत, हवं तेवढं धडाधड मारा, कारण तीन बाजूंनी मातीचा बांध, एका वेळी एकच माणूस, आणि रेंज ऑफिसर टायमर घेऊन फक्त तुमच्याच हातांकडे बघत असतो. नियम कमी नाहीत तिथेही, नळी ठरलेल्या कोनापलीकडे वळली की त्या दिवसापुरते घरी. पहिल्यांदा जाताना हळूच मारा, नंबर शेवटून पहिला येतो, माझा आला होता.

टेक्सासकर_नाना
फी किती असते? आणि होल्स्टर, म्हणजे कमरेला पिस्तूल अडकवायचं म्यान, कुठलं पण चालतं का?

शंकासूर
बघा, इन्शुरन्सवाले राहिले बाजूला, नाना खरेदीला निघाले. वहिनींना विचारलंत का?