शेताखालचं तळं हिरवं झालंय, खतामुळे?

महूकर: इंदूरजवळ महूला शेत आहे. काळी माती, सोयाबीन. पेरणीनंतर चौथ्याच दिवशी असा पाऊस कोसळला की नाल्याला चहाचा रंग आला. आता खालचं तळं हिरवंगार आणि म्हशी पाण्याला तोंड लावेनात. आई म्हणते, "तुझं डीएपी गेलं वाहून." खरंच?

काळीमाती: आईंचं बरोबर आहे. डीएपीतल्या नत्राचं नायट्रेट होतं; ते पाण्यात विरघळून खाली मुरतं, विहिरीत उतरतं. स्फुरद (फॉस्फरस) मात्र मातीच्या कणाला चिकटून वाहतं. तो चहा म्हणजे तुमचीच माती! डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद (P₂O₅ च्या हिशोबाने) असतं. त्यातलं थोडं जरी तळ्यात पोचलं तरी शेवाळाची चैन. म्हशींना ते पाणी पाजू नका; निळं-हिरवं शेवाळ विषारी असू शकतं. खत फेकता की पेरता?

महूकर: फेकतो. मजूर मिळत नाहीत हो.

काळीमाती: मग तिथेच घोळ आहे. पेरणीयंत्राने बियाण्याच्या बाजूला, थोडं खोल पडू द्या. पेरणी उताराला आडवी, रुंद वरंबा-सरीवर. नाल्याकाठी गवताचा पट्टा सोडा.

सराफ्याचा भिया: पाणी तपासणार असाल तर शांत दिवशीची एक बाटली काही कामाची नाही. पहिल्या लोंढ्याचं पाणी घ्या, नाल्यातल्या पाण्याची उंचीही लिहा. किती खत वाहून गेलं ते प्रवाह गुणिले पाण्यातलं त्याचं प्रमाण, नुसत्या प्रमाणावरून कळत नाही. मी आधी हीच चूक केली, चार बाटल्या वाया.

महूकर: आईला सांगतो. आता ती आठवडाभर ऐकवणार!