परदेशी निधी हवाच, पण कशासाठी?

परदेशी पैसा आला तरच शिक्षक-प्रशिक्षण सुधारतं, हे मत मला निम्मंच पटतं. पैसा लागतोच. १९९४ च्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाला जागतिक बँक, ब्रिटन, युनिसेफ यांची मदत होती आणि गटसाधन केंद्रं, म्हणजे तालुका पातळीवर शिक्षकांना प्रशिक्षण आणि मदत देणारी केंद्रं, त्यातूनच रुजली. २०२० साली मंजूर झालेल्या, जागतिक बँकेच्या मदतीच्या ‘स्टार्स’ या शालेय शिक्षण सुधारणा प्रकल्पातही महाराष्ट्र होता.

पण आमच्या सातारा तालुक्यातलं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट, आठवा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी तिथे ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलानं स्वतः करून बघत शिकणं, थेट वर्गात उतरवला. फरशीवर आखलेल्या आकृत्या, खडे, मणी, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे. वजाबाकीत अडलं की पोरगं स्वतः गठ्ठा सोडतं, दशकाचे एकक करतं आणि पुढे जातं. हे बघायला राज्यभरातून शिक्षक येत. दुसऱ्याचा चालू वर्ग बघायचा, आपल्या शाळेत करून बघायचं, अडलं की त्याच माणसाला फोन करायचा. सभागृहातल्या पीपीटीतून हे कधीच मिळत नाही, आणि बराच निधी नेमका तिथेच खर्ची पडतो याचं फार वाईट वाटतं.

आणखी एक. आमच्याच जिल्ह्यातल्या डोंगराळ जावळी-पाटणच्या द्विशिक्षकी शाळेतले एक गुरुजी प्रशिक्षणाला गेले की सगळे वर्ग दुसऱ्यावर पडतात. देणगीदारांनी त्या दिवसांपुरतं बदली शिक्षकाचं मानधन आणि शाळाभेटींचा प्रवासखर्च उचलावा. निधीच्या करारात ही दोन कलमं आधी घाला, चकचकीत पुस्तिका नंतर छापा.